केगमधली बिअर नितळ हवी असेल तर

आंबवण संपलं असं वाटलं, की लगेच केग (बिअर साठवायचं धातूचं पिंप) भरायला घेऊ नकोस. आधी दोन-तीन दिवस हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजायच्या साधनाचं) माप तेच येतंय ना, ते बघ. मग भांडं फ्रिजमध्ये ठेवून 1-2 अंश सेल्सिअसपर्यंत उतरव आणि तीन-चार दिवस त्याला हात लावू नकोस. बरंचसं यीस्ट तळाशी बसतं.

थंडीत प्रथिनं आणि पॉलिफेनॉल (धान्याच्या सालीतले तुरट घटक) एकमेकांना धरून जो धूसरपणा आणतात, तो एवढ्याने जाईलच असं नाही. तिथे जिलेटिन कामाला येतं. 19 लिटरच्या केगला अर्धा चहाचा चमचा, अर्धा कप पाण्यात भिजवून 65-70 अंशांपर्यंत गरम कर. उकळू मात्र देऊ नकोस, त्याची ताकद जाते. बिअर गार असतानाच हे पाणी तिच्यात ओत. दोन दिवसांत फरक दिसतो. जिलेटिन प्राणिजन्य असतं, तेव्हा शाकाहारी पाहुण्यांना आधीच सांग. त्यांच्यासाठी मी आंबवणाआधी धान्याचा रस उकळताना शेवटच्या 15 मिनिटांत आयरिश मॉस घालतो. ते समुद्री शेवाळ आहे.

केगमधली नळी तळापर्यंत जाते, म्हणून पहिला ग्लास गढूळ येतो. तो ओतून दे, आणि नंतर केग जागचा हलवू नकोस. गव्हाच्या बिअरला यातलं काही करू नकोस, तिला ढगाळपणाच शोभतो.