तयार बँडमधली जागा आणि वहीतली गाणी

सप्रेम नमस्कार,

आपल्या सतरा वर्षांच्या मुलीची एका संगीत कंपनीने मुलींच्या नव्या बँडसाठी निवड केली आहे. पाच वर्षांच्या करारात गाणी, पोशाख आणि बँडचे नावही कंपनीच ठरवणार आहे. आणि स्वतः चाली बांधणाऱ्या मुलीने त्यावर सही करावी का, असे आपण विचारता.

जुळवून आणलेल्या बँडला मी कमी लेखत नाही. अमेरिकेत १९६५ साली एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी जाहिरात देऊन चार तरुण निवडले गेले आणि 'द मंकीज' हा बँड उभा राहिला. गाणी निवडण्याचा अधिकार डॉन कर्शनर या संगीत-पर्यवेक्षकाकडे होता, वाद्ये बहुतांशी भाड्याचे वादक वाजवत, आणि दुसरा अल्बम तर या चौघांना न विचारताच बाजारात आला. त्यांच्यातला मायकेल नेस्मिथ स्वतः गाणी लिहीत असे. जानेवारी १९६७ मध्ये हॉटेलातल्या बैठकीत त्याने बँड सोडण्याची भाषा केली, तेव्हा कंपनीच्या वकिलाने त्याला आधी करार वाचायला सांगितले. संतापलेल्या नेस्मिथने भिंतीवर ठोसा मारला. पुढच्याच महिन्यात कर्शनर यांना काढून टाकले गेले, मे महिन्यात चौघांनी मुख्यतः स्वतः वाजवलेला अल्बम आला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. तरीही १९७० मध्ये बाहेर पडताना नेस्मिथला उरलेल्या कराराचे पैसे भरावे लागले. (कर्शनर यांनी पुढे व्यंगचित्रांतल्या पात्रांचा बँड चालवला, चित्रे भांडत नाहीत.)

आपल्याकडचा कायदा याबाबतीत थोडा बरा आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला, म्हणजे गाणे वापरल्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यातला, वाटा कंपनी करारातून काढून घेऊ शकत नाही. पण करारात मुलीला 'कर्मचारी' म्हटले असेल, तर त्या कामाच्या ओघात बांधलेल्या चालींची पहिली मालकी, वेगळे ठरलेले नसल्यास, कंपनीची होते, म्हणून तो एक शब्द आधी शोधा. अठरा पूर्ण होईपर्यंत तिची स्वतःची सही तिला बांधत नाही. त्यामुळे कंपनी आपली सही मागेल, आणि मग जबाबदारी आपल्यावर येईल.

माझे मत असे, की तिने जावे. स्टुडिओतले काम, माइकसमोरची शिस्त आणि तालमी इतक्या लहान वयात अन्यत्र मिळणे कठीण आहे. मात्र मुदत पाचऐवजी दोन वर्षांची मागा आणि पदवीचा प्रवेश सोडू नका. तिच्या वहीत आज जितकी गाणी आहेत, तितकी मोबाइलवर तारखेसह ध्वनिमुद्रित करून त्यांची यादी कराराला परिशिष्ट म्हणून जोडा, म्हणजे ती तिचीच राहतील. ही यादी जोडायला कंपनीने नकार दिला, तर मला पुन्हा लिहा. सही मात्र तोवर करू नका.

आपला,
करिअर मार्गदर्शक