गाडी कोणती ते सांगतो, पण ते बारा लाख येणार नाहीत

प्रश्न : सर, माझं वय ४२. चाकणला एका कंपनीत नोकरी, हातात ९५ हजार येतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, तिचे २८ हजार. मुलगा दहावीला, मुलगी सहावीला. घराचं कर्ज २८ लाख बाकी, हप्ता ३१ हजार. घरखर्च ५५ हजार, गावी आई-वडिलांना १० हजार. एफडी ४ लाखांची. कंपनीचा ग्रुप विमा २० लाखांचा. कॉलेजपासून मोठ्या गाडीवर लांब फिरायची इच्छा आहे, आता दोघांनी कोकण, गोवा आणि एकदा लडाख करायचं ठरवलंय. रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० घ्यावी की मीटिऑर ३५०? ऑन-रोड साधारण ५ लाख आणि अडीच लाख पडतात. मन मोठीवर आहे. २ लाख एफडीतून भरेन, ३ लाखांचं कर्ज डीलर ९ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी देतोय. २०२२ मध्ये बँकेत एफडी रिन्यू करायला गेलो तेव्हा त्यांनी पाच वर्षांची एक स्कीम दिली होती, वर्षाला दीड लाख. पाचवा हप्ता या मार्चमध्ये भरला की पुढच्या मार्चमध्ये ११-१२ लाख येतील. त्यातून गाडीचं कर्ज फेडून बाकीचे मुलाच्या इंजिनिअरिंगला ठेवीन. ही रक्कम करमुक्त असेल ना? पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे.

उत्तर : ३५० घ्या, आणि लगेच घेऊ नका. कारणं पुढे सांगतो. त्याआधी तुम्ही जोडलेला फोटो जरा मोठा करून बघा.

तुमच्या नावाखाली एक चौकट आहे. पॉलिसीची मुदत २० वर्षं. प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षं. मॅच्युरिटी मार्च २०४२. विमा रक्कम १५ लाख. पाच वर्षांचा उल्लेख त्या पानावर कुठेही नाही. तुम्ही चार हप्ते, म्हणजे ६ लाख भरलेत. अजून सहा हप्ते, म्हणजे ९ लाख भरायचे आहेत. पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही ५८ वर्षांचे असाल आणि मुलाचं इंजिनिअरिंग होऊन दहा वर्षं झालेली असतील. रक्कम करमुक्त असेल, हे खरं. पण पुढच्या मार्चमध्ये ती येणारच नाही.

बँकेतल्या माणसाने तोंडी जे सांगितलं त्याचा हिशोब करून बघा. दीड-दीड लाखाचे पाच हप्ते आणि सहाव्या मार्चमध्ये साडेअकरा लाख, म्हणजे वर्षाला १५ टक्के, तेही खात्रीने. असा खात्रीचा परतावा या देशात कोणतीही बँक किंवा विमा कंपनी देत नाही. एफडी रिन्यू करायला आलेल्या माणसासमोर असा कागद सरकवायचा, त्याला तो एफडीच समजू द्यायचा आणि सह्या घ्यायच्या, याला मी फसवणूकच म्हणतो. तुमच्यासारखी पत्रं दर महिन्याला येतात. त्यातले बरेच जण शिकलेले, हिशोबी लोक असतात. बँकेच्या काउंटरवर आपल्याशी असं वागतील, हे त्यांच्या मनातही येत नाही.

पॉलिसीच्या फायलीत बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचा कागद असेल, त्यावर तुमची सही असेल. तो काढा. त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने दिसतील. हे तुमच्या हप्त्यावर मिळणारं व्याज नव्हे. कंपनीच्या गुंतवणुकीवर किती मिळेल याची ती गृहीतकं आहेत, आणि त्यातून कंपनीचे खर्च वजा होतात. अशा पॉलिसीत २० वर्षांनी ८ टक्क्यांच्या रकान्यात ३३ लाखांच्या आसपास दिसतात आणि ४ टक्क्यांच्या रकान्यात २० लाखांच्या आसपास. म्हणजे तुमच्या हाती वर्षाला पाच टक्के, नाहीतर दोन टक्के.

आता पुढे काय? पाचवा हप्ता भरू नका. आधी विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी मोडली, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच ठेवली, तर मॅच्युरिटीला किती. बँकेकडून नको, थेट कंपनीकडून. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, तेवढ्यात हे होतं.

तुमच्या काळातल्या पॉलिसीला चौथ्या वर्षापासून भरलेल्या हप्त्यांच्या निम्मे हमखास मिळतात, म्हणजे ३ लाख. थोडे जास्तही निघू शकतात, म्हणून लेखी आकडा हवा. ३ लाख गेले हे वाचून पोटात खड्डा पडेल, मला कल्पना आहे. पण ते पैसे पुढचे ९ लाख भरून परत मिळत नाहीत. हिशोब इथून पुढचाच करायचा. पुढची सहा वर्षं दीड लाख तुमच्या पीपीएफमध्ये आणि सरेंडरचे ३ लाख दोन वर्षांत पत्नीच्या पीपीएफमध्ये टाकले (एका खात्यात वर्षाला दीड लाखच चालतात) आणि आजचा ७.१ टक्क्यांचा दर टिकला, तर २०४२ पर्यंत साधारण ३२ लाख होतात. पॉलिसी चालू ठेवली तर २० ते ३३ लाख. म्हणजे बाहेर पडून तुम्हाला जवळपास तेच मिळतं जे पॉलिसीत राहून सगळं चांगलं घडलं तरच मिळालं असतं. पेड-अप केली तर विमा चार-दशांशावर येतो आणि ६ लाख अधिक जमा बोनस २०४२ मध्ये मिळतो. तुम्हाला मुलाच्या फीसाठी पैसे २०२८ मध्ये लागणार आहेत, म्हणून माझा कल सरेंडरकडे आहे.

तक्रार जरूर करा. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, तिथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालांकडे. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. चार वर्षांनंतर आणि सही केलेल्या कागदासमोर पूर्ण पैसे परत मिळण्याची आशा मी दाखवणार नाही. पण बँकेच्या माणसाचे मेसेज जपून ठेवले असतील आणि त्यात पाच वर्षांचा उल्लेख असेल तर प्रकरणाला वजन येतं. बँकेने पॉलिसीवर कर्ज काढून गाडी घ्यायचं सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

थांबा, सरेंडरच्या अर्जावर अजून सही करू नका. तुमच्या पत्रात याहून मोठी गोष्ट आहे आणि तुम्ही तिच्याबद्दल काहीच विचारलेलं नाही.

उद्या तुम्हाला काही झालं तर घरात काय येईल? या पॉलिसीचे १५ लाख, कंपनीच्या ग्रुप विम्याचे २० लाख. एकूण ३५. त्यातून घराचं कर्ज २८ लाख. उरले ७ लाख. तुमचा घरखर्च आणि गावी पाठवता ते पैसे मिळून वर्षाला पावणेआठ लाख होतात. पत्नीचा पगार धरला तरी दीड-दोन वर्षांत सगळं संपतं, तेव्हा मुलगी आठवीत असेल. नोकरी बदललीत तर ग्रुप विमाही गेला. आणि तुम्ही निघालात दोघांनी एका गाडीवर घाट चढायला. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, पण तो चालवणाऱ्या मालकाचा. मागे बसलेल्या पत्नीचा नाही.

म्हणून पहिलं काम दीड कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वयाच्या ६० वर्षांपर्यंतचा. पैसे परत देणारा प्रकार नको, कुठलंही गुंतवणुकीचं शेपूट नको. तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल तर, हप्ता वर्षाला ३० ते ३५ हजारांच्या घरात बसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा स्वस्तही झालाय. पत्नीच्या नावावरही २५-३० लाखांचा घ्या, तिचा पगारही घर चालवतो. फॉर्ममध्ये आजार, सवयी, सगळं खरं लिहा. तुमची टर्म पॉलिसी हातात पडली की मगच जुनी सरेंडर करा. मधल्या काळात घर उघडं राहायला नको.

आता गाडी.

टर्म विम्यावरचा कर ज्या दिवशी गेला, त्याच दिवशी दुचाकींचे दरही बदलले. ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यापुढच्या गाड्यांवर सेससह ३१ होता तो ४० झाला. मीटिऑरचं इंजिन ३४९ सीसीचं, सुपर मीटिऑरचं ६४८. एक्स-शोरूम ४ लाख २० हजारांच्या गाडीत १ लाख २० हजार निव्वळ जीएसटी आहे. २ लाख १० हजारांच्या गाडीत तो ३२ हजार आहे.

डीलरचे ९ टक्के फ्लॅट आहेत. ३ लाखांवर तीन वर्षांचं ८१ हजार व्याज, हप्ता १०,६००. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र पूर्ण ३ लाखांवर लागतं, म्हणून खरा दर १६ टक्क्यांच्या वर जातो. एफडीला हात लावू नका. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ८६ हजार लागतात, सहा महिन्यांचे पाच लाखांवर होतात, म्हणजे ती आधीच अपुरी आहे.

मोठ्या गाडीची ओढ मला समजते. घाटात दोघं बसलेले, सामान लादलेलं, तेव्हा ४७ हॉर्सपॉवर आणि २० हॉर्सपॉवर यांतला फरक खराच जाणवतो. पण ती ताकद सलग वापरायची कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावरही बंदी. ताम्हिणी, आंबोली, कोकणातला सागरी मार्ग हे वळणांचे रस्ते आहेत, तिथे ३५० आरामात जाते. सुपर मीटिऑर २४१ किलोची आहे. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर ती उभी करून बघणं वेगळं आणि सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर, मागे भिंत असताना, पावसात पायाने मागे घेणं वेगळं. टेस्ट राइडला पत्नीला मागे बसवा आणि यू-टर्न मारून बघा. मीटिऑरही १९१ किलोची आहे, तिला फुलासारखी समजू नका. पेट्रोल, टायर, विमा धरून मोठीचा खर्च वर्षाला १५-२० हजारांनी जास्त येईल. लडाखसाठी लेहमध्ये मोठी गाडी भाड्याने मिळते. एका ट्रिपसाठी पाच लाख अडकवण्यापेक्षा ते परवडतं.

पैसे उभे करायचे असे. डीलरला जो १०,६०० चा हप्ता देणार होतात, तोच या महिन्यापासून आरडीत टाका. वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे जातो. दिवाळीचा बोनस आणि जुनी गाडी विकणार असाल तर तिचे पैसे त्यात घाला, पुढच्या वर्षी अडीच लाखांच्या जवळ पोचाल. थोडं कमी पडलं तर दोन महिने थांबा. हेल्मेट दोन, चांगली, आणि दोघांची जॅकेट्स या बजेटमध्येच धरा.

पॉलिसीचा दीड लाख थांबला की महिन्याला साडेबारा हजार मोकळे होतात. दोघांच्या टर्मचे साडेतीन वजा केले की नऊ उरतात. ते आणि सरेंडरचे ३ लाख मुलाच्या नावाने बाजूला ठेवा, एफडी आणि आरडीतच. हाताशी अडीच वर्षं आहेत, शेअर बाजारात इतक्या कमी काळासाठी जायचं नसतं. २०२८ च्या जूनपर्यंत साडेपाच-सहा लाख जमतील. खासगी कॉलेज आणि हॉस्टेल मिळून चार वर्षांचे दहा लाख धरले तर निम्म्याहून जास्त सोय होते, बाकीचं त्या त्या वर्षीच्या पगारातून निघेल.

विमा कंपनीचं लेखी उत्तर आलं की दोन्ही आकडे मला कळवा. सरेंडरचा आकडा चार लाखांच्या वर असेल तर दुसरा विचार न करता सरेंडर करा. तीनच्या खाली असेल तर सही करण्याआधी मला दाखवा.