शब्दसंग्रह: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: स्क्रॅबल, म्हणजे पटावर अक्षरांच्या पाट्या मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळासाठी शब्दांच्या याद्या पाठ करते, पण ऐन डावात आठवत नाहीत. क्यू (Q) हे अक्षर तर शेवटपर्यंत हातात अडकते. काय करावे?

उत्तर: ए ते झेड अशी सरसकट यादी पाठ करू नका, डावात अक्षरे त्या क्रमाने येतच नाहीत. आधी फक्त दोन अक्षरी शब्द पक्के करा. नवा शब्द जुन्या शब्दाला चिकटवून समांतर लावताना तेच लागतात. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द मान्य याद्यांत एकही नाही, म्हणून व्ही शेजारी समांतर मांडणी अडते.

क्यूसोबत यू हवाच, हा समज सोडा. पाट्या १००, त्यांत यू फक्त ४. क्यू-आय हा शब्द चालतो. क्यू तिप्पट अक्षरगुणांच्या घरात पडून तोच शब्द आडवा-उभा दोन्हीकडे जुळला, तर ३१ आणि ३१, एकूण ६२ गुण! क्यू-ए-टी, एफ-ए-क्यू-आय-आर हेही लक्षात ठेवा. शेवटी क्यू उरला तर १० गुण कापले जातात.

सात अक्षरी शब्द मात्र अक्षरगटाने शिका, कारण सातही पाट्या एका खेळीत लावल्यास ५० गुण जादा मिळतात. कार्डाच्या एका बाजूला अक्षरे वर्णक्रमाने लिहा: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. मागे उत्तरे: रिटेन्स, नॅस्टिअर, रेटिनाज, स्टेनर. मग एन काढून एल घाला: रिअ‍ॅलिस्ट, रिटेल्स, सॉल्टिअर. कार्ड उलटण्याआधी उत्तरे स्वतः लिहून काढा. नुसते वाचून स्पेलिंग पक्के होत नाही.