खेळ सुचला, पुढे काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (मिरज): बाणाचं एक बटण दाबलं की दोन मांजरं एकदम हलतात, उजवीकडचं मात्र आरशातल्यासारखं, म्हणजे डाव्या-उजव्या दिशेला उलट. असा कोड्याचा खेळ सुचलाय. चार पानं लिहून मित्रांना पाठवली, पण कुणाच्या डोक्यात काही शिरेना. कसं मांडू?

उत्तर: कल्पना दमदार आहे. चार पानांचं एक पान करा. पट केवढा, कोणत्या बटणाने काय होतं, जिंकलं कधी म्हणायचं आणि धडक झाली तर काय, एवढंच त्यावर हवं. बहुतेकांकडून राहतं ते शेवटचं. एक मांजर भिंतीला अडलं तर दुसरं चालतं का? दोघं एकाच घरात शिरू पाहत असतील तर? अडलेल्याने थांबावं, दुसऱ्याने चालावं. एकाच घरावर दोघं आली तर दोघांनीही थांबावं, असं आम्ही सुचवू.

कारण या खेळाचा सगळा जीव त्या अडण्यातच आहे. ७ उभ्या रांगा आणि ५ आडव्या ओळींचा पट घ्या. दोन्ही मांजरं तिसऱ्या ओळीत, एक २ऱ्या रांगेत, दुसरं ६व्या. रांगांची बेरीज ८. एक जेवढं उजवीकडे जाईल तेवढंच दुसरं डावीकडे, त्यामुळे रिकाम्या पटावर कितीही बटणं दाबा, बेरीज ८च राहते. दोन्ही मांजरं एकेका दुधाच्या वाटीवर पोचली की जिंकलं, असं धरू. वाट्या त्याच ओळीत ३ऱ्या आणि ६व्या रांगेत ठेवल्या (बेरीज ९), तर कोडं सुटूच शकत नाही. आता त्या ओळीत ५व्या रांगेत एक भिंत घाला. उजवं बटण दाबलं की डावं मांजर ३वर येतं, उजवं ६वरच अडतं, आणि कोडं सुटतं. ही तुमची पहिली लेव्हल. तीच भिंत एक ओळ वर सरकवा: आता वर, उजवीकडे, खाली अशी तीन बटणं लागतात. ही दुसरी. नियम समजावणारा एक शब्दही न लिहिता खेळणाऱ्याला तो कळलेला असतो.

प्रोग्रॅमिंगला हात लावण्याआधी चौकड्यांच्या वहीवर शर्टाची दोन बटणं ठेवून खेळून पाहा. मित्राने फक्त दिशा सांगायची, सोंगट्या तुम्ही हलवायच्या. मध्येच समजावू नका. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. दोन जण एकाच जागी अडखळले तर दोष लेव्हलचा. मग पझलस्क्रिप्टकडे वळा. स्टीफन लॅव्हेल यांनी २०१३ मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं आणि त्यात लेव्हल अक्षरांनी मांडता येते. एक पाऊल मागे घेण्याची सोय त्यात आधीपासूनच आहे. दुसरं काही वापरलंत तर ती आधी करा. नाहीतर एका चुकीसाठी सगळी लेव्हल पुन्हा खेळावी लागते आणि माणूस खेळ बंद करतो.

प्रश्न (पणजी): माझ्या उड्यांच्या खेळात ‘मी बटण दाबलं होतं!’ अशी सगळ्यांची तक्रार असते.

उत्तर: त्यांनी दाबलेलं असतं, पण पायाखालची कडा सुटल्यानंतर. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) धरल्या तर एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. कडा सुटल्यावरही ५-६ फ्रेम उडी मारू द्या, आणि जमिनीला पाय लागण्याच्या तेवढ्याच फ्रेम आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवा. टक्कर मोजण्याची चौकटही तपासा. शत्रूचं चित्र १६ बाय १६ पिक्सेलचं असेल तर त्याची चौकट १० बाय १० पुरे. नाण्याची मात्र चित्राहून मोठी ठेवा.

प्रश्न (नागपूर): मराठी शब्द ओळखण्याचा खेळ करतोय, अंदाजातलं अक्षर बरोबर की चूक ते रंगाने कळतं. तीन अक्षरी ‘क्षत्रिय’ला प्रोग्रॅम आठ अक्षरी म्हणतो.

उत्तर: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य असे आठ संकेत तो मोजतो. जावास्क्रिप्टमध्ये शब्दाचे तुकडे पाडणारा सेगमेंटर आहे, पण जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्यामुळे जुन्या फोनवर पाच तुकडे पडतात. उपाय सोपा: तुकड्याच्या शेवटी हलन्त असेल तर पुढचा तुकडा त्याला जोडा.

दुसरी अडचण खास आपली. ‘तऱ्हा’मधला ऱ्ह दोन-तीन पद्धतींनी टाइप होतो. दिसायला सारखा, आत वेगळा. बरोबर उत्तरही चूक ठरतं. तुलना करण्याआधी सगळे शब्द एकाच रूपात आणा. आणि व्यंजन बरोबर पण मात्रा चुकली, तर त्यासाठी वेगळा रंग ठेवा. नाहीतर ‘की’ आणि ‘कु’ एकमेकांपासून ‘की’ आणि ‘ळ’इतकेच लांब ठरतात, आणि मराठीत तसा खेळ फार कठीण होतो.

प्रश्न (ठाणे): कल्पना सगळ्यांना सांगितली तर कुणी चोरणार नाही का?

उत्तर: नुसत्या नियमांवर मालकी सांगता येत नाही. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ (एम) खेळ खेळण्याच्या पद्धतीला शोध मानतच नाही. कॉपीराइटही कल्पनेला नसतो. तुमचा कोड, चित्रं, आवाज यांना असतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने टेट्रिसची नक्कल करणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला, तो तुकड्यांचं रूप आणि १० बाय २० चा पट जसाच्या तसा उचलल्यामुळे. ‘थ्रीज’ हा आकडे जुळवण्याचा खेळ फेब्रुवारी २०१४ मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात त्याच्याशी नातं सांगणारा ‘२०४८’ फुकटात जगभर पसरला. हे होऊ शकतं. तरीही लपवून ठेवू नका, असंच आमचं मत आहे. चार अनोळखी माणसांनी खेळल्याशिवाय खेळ सुधारत नाही.

पाठवताना वर्णन नको, खेळता येणाऱ्या तीन लेव्हल पाठवा. सोबत कोणती बटणं, किती मिनिटं लागतील आणि एकच नेमका प्रश्न. ‘कसा वाटला?’ विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘कितव्या लेव्हलला सोडून द्यावासा वाटला?’ असं विचारा.