गाय उलटली नाही, मग ती गाभण धरायची का?

प्रश्न: गाय भरवून (वळूकडून किंवा कृत्रिम रेतनाने) दोन महिने झाले, परत माजावर आलेली नाही, म्हणजे उलटलेली नाही. तरी डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्यायला हवी का? हात घालून तपासल्याने गर्भ पडतो असंही ऐकलं आहे.

उत्तर: हो, जरूर करून घ्या. उलटली नाही एवढ्यावर गाय गाभण धरणं महागात पडतं. माज साधारण 21 दिवसांनी येतो, पण तो मुका (बाहेर लक्षणं न दिसणारा) असेल किंवा रात्रीत येऊन गेला असेल तर गोठ्यात कळत नाही. गर्भाशयात पू साठला असेल तर माज येतच नाही. म्हशींमध्ये तर मुका माज नेहमीचाच. याउलट काही गाभण गायीही माजाची लक्षणं दाखवतात. अशा गायीला न तपासता पुन्हा रेतन केलं तर गर्भ पडू शकतो.

हाताच्या तपासणीची भीती मी समजू शकतो. पण सरावलेल्या डॉक्टरांनी सावकाश तपासलं तर धोका फार कमी असतो. पहिल्या दीड-दोन महिन्यांत काही गर्भ आपोआपच जिरतात. नेमकी त्याच सुमारास तपासणी झालेली असते, म्हणून दोष हाताला लागतो. सोनोग्राफीने साधारण 30 दिवसांनंतर कळतं. हाताने तपासायची असेल तर 60 दिवस होऊ द्या. लवकर तपासून गाभण निघाली तरी 90 दिवसांच्या सुमारास पुन्हा एकदा खात्री करा.

डॉक्टर येतील तेव्हा हातात वही हवी. कधी व्यायली, वार (व्यायल्यावर पडणारं गर्भाचं आवरण) नीट पडली का, कोणत्या तारखांना भरवली, हे सगळं त्यांना सांगा. मधे एखादा मोकळा वळू कळपात शिरला असेल तर तेही लपवू नका. तारीख तीन महिन्यांची आणि हाताला गर्भ दोन महिन्यांचा लागला, तर डॉक्टरांना कोडं पडतं. जनावर खोड्यात (उभं अडकवून ठेवायच्या चौकटीत) घ्या. पाय घसरणार नाही अशी जमीन असू द्या आणि त्याच्या ओळखीचा माणूस तोंडाजवळ उभा करा. जनावर बिथरलं तर त्याला आणि डॉक्टरांच्या हाताला, दोघांनाही इजा होते.

रिकामी निघाली तर खचू नका. दोन महिन्यांत कळलं हे बरं झालं, सातव्या महिन्यात कळलं असतं तर तेवढा काळ फुकट पोसली असती. कारण विचारा, उपचार ठरवून घ्या. मात्र माजावर आणण्याचं इंजेक्शन तपासणीशिवाय कुणालाही टोचू देऊ नका. त्यातली काही औषधं गाभण गायीचा गर्भ पाडतात.

गाभण ठरली तर रेतनाच्या तारखेपासून गायीसाठी सुमारे 280 आणि म्हशीसाठी 310 दिवस मोजा. त्याच्या दोन महिने आधीची दूध आटवण्याची (काढणं बंद करण्याची) तारीख डॉक्टर गोठ्यातून निघायच्या आत वहीत लिहा.