भरवा, पण पाटीवर ‘मद्य’ लिहिण्याची तयारी ठेवा

आपला प्रश्न असा आहे की, मराठवाड्यातील आपल्या लहानशा गावात जुने देऊळ आहे, पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीचे, टेकाड आहे, दोन-तीन चांगले चित्रकार आहेत. तेव्हा नाशिककडे होतात तसा वारसा, कला आणि वाईन यांचा एकत्रित महोत्सव तिथे भरवता येईल का, आणि गाव तो स्वीकारेल का? भरवता येईल. गाव स्वीकारेल का, हे सांगण्यासाठी मात्र आमच्या शाळेच्या भिंतीवरील एका पाटीची हकिगत सांगणे भाग आहे, कारण त्या पाटीपायी माझे आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचे बोलणे दोन वर्षे बंद होते.

आमचे गाव तेरणेच्या काठी, तेरपासून फार लांब नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर, हे आपणास ठाऊक असेलच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी वाटाड्यात पैठण गुजरातेतील भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे, आणि तगरचे जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला नेत, असेही म्हटले आहे. त्याच पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तिच्यात पहिलेच नाव मद्याचे आहे: सर्वांत पसंतीचे इटलीचे, शिवाय लाओदिकीयाचे आणि अरबस्तानातील.

मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. २०१५ मध्ये शाळेच्या दर्शनी भिंतीवर परिसराच्या इतिहासाची पाटी रंगवायचे ठरले तेव्हा मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिले, ‘भडोच बंदरात तगरचे कापड जाई व इटलीची मद्ये उतरत.’ दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या आमच्या चित्रकाराने त्याखाली कापडाचे गठ्ठे लादलेली बैलगाडी, शिडाचे जहाज आणि दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा कुंभ असे चित्र काढले. बैलांची वशिंडे त्याने इतकी सुरेख काढली होती की मजकूर वाचण्याआधी माणसे बैलांकडेच पाहत राहत. आठ दिवस सर्व सुरळीत होते.

नवव्या दिवशी ग्रामसभा झाली आणि दादा, म्हणजे माझे ते चुलतभाऊ, उभे राहिले. गळ्यात माळ, आषाढीची वारी न चुकणारी. गोरोबाकाकांच्या पंचक्रोशीत, लेकरांच्या शाळेच्या भिंतीवर दारूचे नाव कशासाठी, असा त्यांचा सवाल होता, आणि तो ऐकताच सभेतील निम्मी माणसे त्यांच्या बाजूला गेली. मी पेरिप्लस सांगितले, कोणी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी ‘मद्ये’ या शब्दावर पांढरा हात फिरवून तिथे ‘सुगंधी तेले’ असे लिहिण्यात आले. आजही शाळेतील मुले प्रकल्पाच्या वहीत ‘इटलीची सुगंधी तेले’ असेच उतरवून घेतात. शब्द पुसला गेला याचे मला एवढे दुःख नाही. त्या जागी खोटा शब्द लिहिला गेला, हे मला आजही सहन होत नाही.

मी दादांना त्या वेळी जे सांगितले तेच आपल्या गावातील दादांसाठी इथे लिहून ठेवतो. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच नेवाशाच्या उत्खननात १९५४ ते १९५६ च्या दरम्यान रोमन घाटाच्या दोन कानांच्या कुंभांची खापरे निघाली. त्यामुळे माउलींना काही बाध आला का? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर उंच टोपी घातलेला दाढीवाला परदेशी पुरुष हातात प्याला घेऊन बसलेला आहे, तोही भगवान बुद्धांच्या विहारात. भिक्षूंनी तिथे चुना फासला नाही. तेरमध्ये सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेईत मिळाली, जे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ही गोष्ट आम्ही छाती फुगवून पाहुण्यांना सांगतो. मग त्याच व्यापाराची दुसरी बाजू सांगताना खाली का पाहावे?

दादांकडे याचे उत्तर नव्हते. मात्र माझ्याकडेही त्यांच्याविरुद्ध एक पुरावा होता आणि तो मी सभेत काढला, हे माझे चुकलेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तीत दादांची दोन एकरांची द्राक्षबाग झोडपली गेली. फुटलेले मणी बाजारात कोणी घेईना, बेदाण्यासाठी ते उन्हात टाकावेत तर ढग हटेनात. शेवटी वाईनसाठी माल उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याला दादांनी ते मातीमोल भावाने दिले. मी सर्वांसमोर ते बोलून दाखवले. दादा शांतपणे म्हणाले, “म्या द्राक्षं इकली, दारू न्हाई इकली.” सभेत हशा पिकला आणि मी हरलो. घरी आल्यावर मला सुचले की, तगरच्या विणकरांनीही कापडच विकले होते आणि पाटीवर मी याहून अधिक काही लिहिलेच नव्हते. तोवर सभा उठली होती.

आता आपल्या महोत्सवाविषयी. वाईन विकण्याचा मोह धरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण दादांच्या कारणाहून वेगळे आहे. वाईन हा आपल्या गावांचा धंदा नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाईन पार्क झाले ते नाशिककडे विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला. आपल्याकडील बागा थॉम्पसन, सोनाका, गणेश अशा खाण्याच्या वाणांच्या आहेत. वाईनचे द्राक्ष लहान मण्याचे, जाड सालीचे, बियांचे असते आणि त्यातील साखर बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे माप) चढू द्यावी लागते. तेव्हा खाण्याची बाग आहे म्हणून वाईनही आपलीच, असे होत नाही. शिवाय ज्या भागातील लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बाहेरून आणलेल्या बाटल्यांचा मांडव घालून त्याला वारसा म्हणणे मला पटत नाही.

त्याऐवजी कुंभ दाखवा. पाटीच्या प्रकरणानंतर मी हट्टाने आमच्या गावातील कुंभारमामांकडून चित्रातील कुंभाची प्रतिकृती करून घेतली. चित्र पाहून ते हसले आणि म्हणाले, “गुरुजी, हे उभंच राहायचं नाही, बूड कुठंय याला?” मी सांगितले की, तो जमिनीवर ठेवण्यासाठी नव्हे, तर जहाजाच्या पोटात एकमेकांच्या खांद्यांमध्ये रचून बसवण्यासाठी केलेला असे, आणि ओतताना खालचे टोक तिसऱ्या कानासारखे हाती धरता येई. मग त्यांना घडणीची गंमत वाटू लागली. धड चाकावर, बूड वेगळे, मान वेगळी, असे तीन तुकडे करून त्यांनी थापटण्याने सांधे जुळवले. पहिले दोन आव्यात तडकले, तिसरा उतरला. तो वाळूच्या ढिगात रोवून शाळेत ठेवला त्या दिवशी पाटीपुढे कधी जमली नव्हती एवढी मुले जमली. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मडकी तपासल्याची कथा सांगणाऱ्या मुलखात याहून चोख कला कोणती असणार? कुंभाराला चाकासह मांडवाच्या मध्यभागी बसवा, चित्रकारांना भिंती द्या, आणि मद्याची गोष्ट पाटीवर उघडपणे लिहा. पाहुण्यांना प्यायला द्राक्षाचा ताजा रस पुरे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. आपले देऊळ केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढच्या दोनशे मीटरवर निर्बंध असतात. पक्के व्यासपीठ उभारण्याआधी हे पाहून घ्यावे. तरीही वाईन द्यायचीच असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय एक पेलाही भरू नका, आणि गावातील महिलांनी मतदानाने बाटली आडवी केलेली असेल तर तो विषयच काढू नका. आणखी एक: टेकाडावर सापडलेले प्रत्येक जाड खापर रोमन समजू नये. भारतात पूर्वी रोमन मद्यकुंभांची म्हणून नोंदलेली बरीच खापरे नंतरच्या अभ्यासात इराक-इराणकडील, आतून डांबर लावलेल्या बिनकानांच्या रांजणांची निघाली आहेत. शिवाय दोन कानांच्या कुंभांतून तेलही जात असे, हे दादांच्या बाजूने मला मान्य केले पाहिजे. फक्त भडोचच्या यादीत आधी लिहिले आहे ते मद्यच.

चैत्र वद्य त्रयोदशीच्या आसपासची तारीख मात्र धरू नका. तेव्हा तेरला गोरोबाकाकांची यात्रा असते आणि आमच्याकडचे कोणीही दुसरीकडे जात नाही. तारीख ठरली की मला कळवा. दादांना घेऊन येईन. ते मांडवात शिरताच आधी पाटी वाचतील.