मेल उशिरा येतोय? आधी हेडर वाच

‘सर्व्हर रीस्टार्ट करू का?’ असं विचारलंस. नको. उशीर नेमका कुठे झाला, ते आधी शोध.

उशिरा आलेला एक मेल उघडून त्याचं पूर्ण हेडर, म्हणजे तो कोणकोणत्या सर्व्हरमधून आला याची नोंद, बघ. ‘रिसीव्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो. कोणत्या दोन ओळींमध्ये वेळ गेला ते लगेच कळतं. फक्त टाइमझोन सांभाळ: +०५३० आणि +०००० यांतला साडेपाच तासांचा फरक म्हणजे उशीर नव्हे. कधी एखाद्या सर्व्हरचं घड्याळच चुकीचं असतं. त्यापायी माझी एकदा अख्खी दुपार वाया गेली आहे.

मेल आपल्याच सर्व्हरवर अडकला असेल तर रांग बघ. पोस्टफिक्सवर (सर्व्हरवर मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) ‘मेलक्यू’ कमांड दे. अडकलेल्या मेलखाली कारण लिहिलेलं असतं. ४५० किंवा ४५१ हा कोड दिसला तर समोरचा ‘नंतर या’ म्हणतोय, बहुधा ग्रेलिस्टिंग. अनोळखी सर्व्हरचा पहिला मेल तो मुद्दाम परतवतो, थोड्या वेळाने पुन्हा आला की घेतो. पोस्टफिक्स आपणहून पुन्हा प्रयत्न करतो आणि हळूहळू मधलं अंतर वाढवतो. उगाच रांग फ्लश करत, म्हणजे सगळे मेल लगेच पुन्हा पाठवायला लावत, बसू नकोस. ‘टाइम आउट’ दिसलं तर मात्र डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी व्यवस्था) आणि फायरवॉलवरचं २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलची वाट, तपास.

हेडरमध्ये सगळं काही सेकंदांत उरकलेलं दिसतंय? मग ज्याला मेल उशिरा मिळतोय त्याच्या आउटलुककडे जा. मेल आणायची वेळ ३० मिनिटांवर लावलेली सापडली तर हसू नकोस.